वहिवाटीचा पडदा

माझ्या वहिनीला आम्ही घरात तळटीप म्हणतो. नाव दादाने ठेवलं, पण वापरते जास्त मीच. तिला विचारा, चहा घेणार का, तर ती म्हणेल, घेईन, पण... आणि त्या 'पण'च्या मागून इतकं काही येतं की चहाचं पाणी होतं. ती कायदा शिकवते, कायद्यावर लिहिते, आणि तिने लिहिलेलं तिच्यासारखीच चार डोकी वाचतात. मी नाटकांचे पडदे रंगवते. माझं काम निदान शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसतं, हे मी तिला अधूनमधून ऐकवत असते. नणंद झाले म्हटल्यावर एवढं तरी करायला नको का?

तर आमच्या घरांची ओळ आणि मोठा रस्ता यांच्या मधोमध एक लाकडाची वखार आहे. वखारीच्या कडेने, ओंडक्यांच्या थप्प्यांना वळसा घालून एक वाट जाते. ती कोणी काढली, कधी काढली, कोणाला ठाऊक नाही. सगळे तिथूनच जातात. दुसरा रस्ता आहे, नाही असं नाही, पण तो रेल्वेच्या पुलावरून. सरळ आभाळात चढणाऱ्या पायऱ्या, आणि पलीकडे तेवढ्याच उतरायच्या.

मला त्या पायऱ्यांचं काही नाही. प्रश्न मावशीचा होता. आई गेल्यावर मला मावशीने वाढवलं. ती नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीवर बसते. कमरेचं ऑपरेशन झाल्यापासून तिच्यापुढे वॉकर असतो, पण वाट सपाट आहे, त्यामुळे ती रोज आपली आपण कामाला जाते. सोडायला येऊ का, असं कोणी नुसतं म्हटलं तरी तिचा पारा चढतो. हा पारा आमच्याकडे आईच्या बाजूने आलेला आहे. मलाही पुरेसा मिळालाय. ती वाट बंद झाली असती तर मावशी घरात बसली असती, आणि घरात बसलेली मावशी मला डोळ्यांसमोर आणवत नव्हती.

वखारीचा जुना मालक घुम्या होता. आम्ही त्याच्या करवतीसमोरून आयुष्यभर गेलो, पण तो कधी जा म्हणाला नाही आणि कधी जाऊ नका म्हणाला नाही. तो वारला, मुलांनी वखार विकली आणि नवा मालक आला. हा माणूस गोड म्हणजे किती गोड! दारोदार जाऊन भेटला, मावशीला वाकून नमस्कार केला. मग वाटेच्या तोंडाशी सुंदर अक्षरात पाटी लागली: येथून जाण्यास मालकांची परवानगी आहे. मी अक्षरांतली माणूस आहे, मला ती पाटी फार आवडली. पुढे त्याने कळवलं की चोऱ्यामाऱ्या वाढल्यात, म्हणून लोखंडी गेट बसवतोय, पण काळजी नको, घरटी एक चावी. रविवारी सकाळी या, एका ओळीखाली सही करा आणि चावी घेऊन जा. ओळही त्याने सगळ्यांना आधीच दाखवली होती, लपवाछपवी काही नाही: 'आम्ही आजवर मालकांच्या परवानगीने येथून ये-जा करत आलो आहोत.' शेजारचे शिंपीकाका म्हणाले, माणूस असावा तर असा.

वहिनीने ती ओळ वाचली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. ती गेली कित्येक वर्षं नेमक्या याच गोष्टीवर लिहीत होती. वहिवाट. तिने आमच्या घरांच्या ओळीतल्या सगळ्यांना आमच्या पुढच्या खोलीत बोलावलं आणि समजावायला घेतलं. देवा रे! अनुज्ञा, मौन संमती, प्रतिकूल उपभोग... शिंपीकाकांचा डोळा लागला. शेवटी कोणीतरी वैतागून विचारलं की बाई, चावी घ्यायची की नाही, तेवढं सांगा. यावर वहिनी म्हणाली की त्याला तीन पैलू आहेत. लोक चपला घालून निघाले. जाताना माझ्याकडे बघून हसले, आणि मीही हसले. तिच्या बाजूने हसणारं त्या खोलीत कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या कारखान्यात आली. कारखाना म्हणजे जुनं गोदाम. जमिनीवर पडदा अंथरून काम करता येईल एवढी लांबरुंद जागा, भिंतीला रंगाचे डबे, एका टोकाला माळा आणि माळ्याला शिडी. ती डब्यावर बसली आणि रडवेल्या आवाजात म्हणाली की एवढी वर्षं लिहून मला चार घरांना एक गोष्ट सांगता येत नाही, मग मी करतेय काय?

मला तिचा राग आला आणि कीवही आली. दोन्ही एकदम आलं की मी ओरडते. म्हटलं, कायदा राहू दे बाजूला, गोष्ट काय आहे ती बोल. दादाशी भांडताना बोलतेस तशी बोल.

ती बोलू लागली. अडखळत, पण बोलू लागली. कायदा म्हणतो की एखाद्या जागेतून लोक वर्षानुवर्षं चालत राहिले, उघडपणे, भांडण न करता, खंड न पडता, तर एक दिवस असा येतो की ती वाट त्यांची होते. जमीन मालकाचीच राहते, पण त्यावरून जायचा हक्क चालणाऱ्यांचा. कोणी दिलेला नाही, विकत घेतलेला नाही. नुसता चालून मिळवलेला.

माझ्या हातातला ब्रश हातातच राहिला. इतकी वर्षं मला वाटायचं कायदा वरून येतो. कोणीतरी मोठ्या खुर्चीवर बसून तो खाली टाकतो आणि आपण झेलायचा. आणि ही म्हणत होती की एक कायदा खालून येतो, चपलेतून. मावशी रोज खिडकी उघडायला जाते आणि जाता जाता कायदा करते. माझ्या अंगावर काटा आला, खरंच आला. वहिनीला म्हटलं, अगं मग हे त्या दिवशी का नाही बोललीस?

"बोलले की," ती म्हणाली. "दुसऱ्या परिच्छेदात."

मग तिने अट सांगितली. सगळं चालणं हक्काने व्हायला हवं. परवानगी मागून चाललात तर ते चालणं मोजलंच जात नाही, मग ते शंभर वर्षं का असेना. मी विचारलं, हक्काने म्हणजे आपण नेहमी म्हणतो तेच ना? तू आईकडे गेलीस की सरळ डबे उघडून खातेस, तसं? वहिनी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, या एका शब्दावर माझी अख्खी दोन प्रकरणं आहेत आणि त्यात डबे कुठेच नाहीत.

तिथेच ठरलं की मी पडदा रंगवायचा. शनिवारी सगळ्यांना कारखान्यात बोलवायचं आणि पडदाच दाखवायचा. मग भांडणं सुरू झाली. मला तीन शब्द हवे होते, मोठे, लांबून दिसणारे. तिला अख्खी व्याख्या हवी होती, सातच्या सात कलमांसकट. एक काढलं तर बाकीची खोटी पडतात म्हणे. मी म्हटलं, नाटकाला आलेले लोक वाचत नसतात. ती म्हणाली, त्यांना वाचता येत नाही असं तुला वाटतं का? हे मला झोंबलं. म्हणून मी हट्टाने सातही कलमं लिहिली, गडद तपकिरी रंगात, कापडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. दोन दिवस कंबर मोडून लिहिली. शिडीवर चढून पाहिलं तर विजेच्या बिलाची मागची बाजू पसरल्यासारखी दिसत होती.

माझा संताप संताप झाला. खाली उतरले, खडूच्या पुडीची बादली कालवली आणि अख्ख्या पडद्यावर पांढरा हात मारला. सगळी कलमं पुसली. वहिनीला निरोप पाठवला की तुझा कायदा गाडला, आता मी माझ्या मनाने नवं चित्र काढते.

आमच्या कामात एक गोष्ट शेंबडं पोरही चुकत नाही: पांढऱ्यात सरस नीट घालायचा. सरस कमी पडला तर रंग कापडाला धरत नाही, वाळला की पिठासारखा सुटतो. रागाच्या भरात मी तो जवळजवळ घातलाच नव्हता. सकाळी वहिनी माझ्याशी भांडायला आली. नजर माझ्यावर, पायाखाली बघायचं भान नाही, तशीच अनवाणी पडद्यावरून तरातरा चालत आली. मी ओरडणार, तेवढ्यात तिच्या मागे लक्ष गेलं.

तिची पावलं उमटली होती. उमटली म्हणजे काय, जिथे पाय पडला तिथला पांढरा निघून आला होता आणि खालून तपकिरी अक्षरं डोकावत होती. एका पावलात 'खंड'. पुढच्यात 'न प'. त्याच्या पुढच्यात नुसता एक काना.

मी हाताने खूण केली. तिने वळून पाहिलं. मग ती आली तशीच परत चालत गेली, आणि पुन्हा आली. 'खंड न पडता' सगळं वाचता आलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी सरसाच्या वासाला दोष दिला. तिचा एकही शब्द कमी झाला नव्हता. सातही कलमं होती तिथे, नुसती चालण्याची वाट बघत.

शनिवारी दुपारी ओळीतली माणसं आली. वहिनीने मला बजावून ठेवलं होतं की कोणी पडद्यावर पाय ठेवू का विचारलं तर उत्तर द्यायचं नाही. हो नाही, नाही नाही, तोंडाला कुलूप. वहिनीच्या पावलांवर मी तसाच कच्चा पांढरा पुन्हा मारला होता आणि पडदा असा अंथरला होता की दारातून आत आलं की पलीकडे मांडलेल्या खुर्च्यांपर्यंत जायला तोच रस्ता. लोक काठावर थबकले. पांढऱ्याशुभ्र कापडावर पाय कोण ठेवणार?

मावशीला असले प्रश्न पडत नाहीत. ती वॉकर टेकत आली, वास काय सुटलाय म्हणून मला झापलं आणि भाचीचा कारखाना म्हणजे स्वतःचाच असल्यासारखी सरळ पडद्यावरून खुर्चीपर्यंत गेली. मागे तिची पावलं आणि दोन्ही बाजूंना वॉकरच्या चाकांच्या रेघा. तिच्या मागोमाग बाकीचे निघाले. कोणाला तरी अक्षर दिसलं, त्याने पुढचं वाचायला पाय घासला, दुसऱ्याने त्याच्या पुढचं. मी माळ्यावर चढले आणि वरून पाहिलं. पांढऱ्याच्या मधोमध एक तपकिरी पट्टा उघडत चालला होता आणि त्यात वहिनीची वाक्यं वर येत होती. माणसं वाकून एकमेकांना वाचून दाखवत होती. त्या दिवशी पेंगलेली, हसलेली हीच माणसं. आयुष्यात मी राजवाडे रंगवलेत, समुद्र रंगवलेत, पण असलं काही माझ्या हातून कधी झालं नव्हतं, आणि हे तर माझ्या हातून झालंही नव्हतं.

मी खाली उतरले आणि नेमके शिंपीकाका उशिरा आले. चपला हातात घेऊन काठावर उभे राहिले आणि अदबीने म्हणाले, "यावरून चाललं तर चालेल ना?"

"चालेल की काका, या ना बिनधास्त," मी म्हणून गेले. घरी आलेल्या माणसाला दुसरं काय म्हणतात? जीभ चावली, पण शब्द सुटला होता.

काका खुशीत एका कडेने चालत आले. वहिनीने कोपऱ्यातली दुसरी बादली उचलली. ही सरस घातलेली, पक्की. रुंद ब्रश बुडवून ती त्यांच्या मागोमाग निघाली आणि त्यांचं एकेक पाऊल पांढरं करत गेली. काका खुर्चीपाशी पोचले, वळून बघतात तर मागे काहीच नाही. ते चिडले. म्हणाले, मी चाललो नाही का? सगळ्यांनी बघितलंय मला चालताना.

"चाललात काका," वहिनी म्हणाली. "पण तुम्ही विचारलंत, आणि हिने हो म्हटलं. ते चालणं हिच्या मर्जीचं झालं. तुमचं नाही."

तळटीपेच्या तोंडून मी पहिल्यांदाच 'पण'नंतर इतकं थोडं ऐकलं होतं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ती सुंदर अक्षरातली पाटी आली असणार, माझ्या तर आली. मावशी खुर्चीवरून म्हणाली, "आणि उद्या त्या ओळीखाली सही करून चावी घेतली तर?"

वहिनी पडद्याच्या पार पहिल्या टोकाला गेली, जिथून सगळे चालायला लागले होते, आणि तिथून पांढरा मारायला सुरुवात केली. आता एकट्या काकांची पावलं नाही, सगळ्यांची. सहीच्या ओळीतलं 'आजवर' म्हणजे काय ते आम्ही बघत होतो. 'उघडपणे' गेलं. 'खंड न पडता' गेलं. स्वतःचीच वाक्यं ती पुसत होती, पण ती थांबेना. ब्रश वॉकरच्या रेघांपाशी आला.

"बास," मावशी म्हणाली. "कळलं मला. पुरे कर."

रविवारी सकाळी वाटेच्या तोंडाशी नवं गेट होतं, काळं कुळकुळीत, रंगाचा वास अजून गेला नव्हता. मालकाने टेबल मांडलं होतं, चाव्या ओळीने लावल्या होत्या, प्रत्येकीला घराच्या नंबराची चकती. आम्ही सगळे येऊन उभे राहिलो. टेबलाकडे कोणी गेलं नाही. मालक हसून एकेकाला नावाने हाक मारत होता आणि माणसं गेटकडे बघत होती. वहिनीने आदल्या संध्याकाळी सांगितलं होतं की खरी लढाई कोर्टात होईल, ती कधी संपेल सांगता येत नाही, पण सगळ्यात आधी आपल्याला चालत राहायला हवं. कालपर्यंत जसं चाललो, तसंच. तिला भीती होती की आयत्या वेळी कोणीतरी भिडेखातर चावी घेईल. मला कोणाची भीती होती सांगू? स्वतःची. माझी जीभ कशी आहे ते मी शनिवारी पाहिलं होतं.

मावशी कामाला जायची साडी नेसून, पर्स वॉकरला अडकवून आली. टेबलाकडे तिने बघितलंही नाही. सरळ गेटसमोर जाऊन उभी राहिली, वॉकरची पुढची चाकं गेटला टेकवून. नाट्यगृहाची खिडकी उघडायची वेळ जवळ आली होती. ती काही मागत नव्हती. उशीर झालेली बाई जशी उभी राहते तशी उभी होती.

मालकाला काय करावं सुचेना. म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर सगळ्यांसमोर गेट बंद ठेवणं बरं दिसलं नसतं. तो लगबगीने पुढे झाला, कुलूप काढलं, गेट सताड उघडलं आणि हात जोडून गोड आवाजात म्हणाला, "या मावशी, या. तुम्हाला कसली आलीय चावी? तुम्ही केव्हाही या."

एवढं मोठ्या मनाचं बोलणं ऐकल्यावर कोणीही हसून पुढे झालं असतं.

मावशी हलली नाही.

"'या' म्हणू नका," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. तिकिटं संपली हे सांगताना असतो तेवढाच. "तुम्ही या म्हणालात की मी पाहुणी होते. मी पाहुणी नाही. बाजूला व्हा, मला उशीर होतोय."

मालकाचं हसू तिथेच थिजलं. त्याने आधी तिच्याकडे बघितलं, मग गर्दीतून वहिनीला शोधून काढलं. त्याच्या नजरेवरून मला कळलं की हा माणूस सगळं पहिल्यापासून जाणून होता. पाटीवरच्या प्रत्येक अक्षराची किंमत त्याला ठाऊक होती. फक्त आम्हालाही ती कधी कळेल, असं त्याला वाटलं नव्हतं. या म्हणावं तर पंचाईत, जा म्हणावं तर पंचाईत, आणि अडवायची सोय राहिली नव्हती. तो बाजूला झाला.

मावशी आत गेली. ओंडक्यांच्या थप्प्यांमधून वॉकरचा आवाज लांब जात राहिला. तिच्या मागे शिंपीकाका कपड्यांचं गाठोडं घेऊन निघाले. सवयीने मालकाला 'थँक' म्हणाले आणि पुढचं कसंबसं गिळलं. मग बाकीचे, एकामागून एक, रोज जातात तसे. कोणी घाई केली नाही, कोणी मान वर करून मिरवलंही नाही. चाव्या टेबलावर होत्या तशाच राहिल्या.

वहिनीने माझा दंड घट्ट पकडला होता. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं. जन्मभर जे कागदावर वाचलं, लिहिलं, ते तिच्यासमोर चालत चाललं होतं.

"बघ," ती कुजबुजली. "मालक काहीच बोलत नाहीयेत."

मी पाहिलं. मालक गेटला पाठ लावून उभा होता, माणसं त्याच्यासमोरून जात होती आणि तो जुन्या मालकासारखा गप्प होता, ना जा म्हणत, ना जाऊ नका. मग माझी कामाची आणि वहिनीची रविवारच्या बाजाराची वेळ झाली होती, म्हणून आम्हीही निघालो.